जठारपेठ मोजताना: अकोल्याच्या महापालिका आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
माननीय आयुक्त,
अकोला महानगरपालिका, अकोला



महापालिकेच्या हद्दीत जनगणनेचे प्रधान जनगणना अधिकारी म्हणून आयुक्तच काम पाहतात, हे बहुतेक अकोलेकरांना ठाऊक नसते. आमच्या नळाला पाणी सोडणारे आणि आमची डोकी मोजणारे कार्यालय एकच आहे. म्हणून हे पत्र मुंबईच्या जनगणना संचालनालयाला किंवा दिल्लीला न धाडता तुम्हाला लिहितो आहे.

28 फेब्रुवारी 2027 च्या रात्री बारा वाजून 1 मार्च सुरू होईल, त्या क्षणाची देशाची लोकसंख्या नोंदवली जाणार आहे. मधे सोळा वर्षे गेली. 2011 च्या गणनेत अकोला महापालिकेची लोकसंख्या 4,25,817 भरली होती. त्याच गणनेचा हिशेब आम्ही अजून वापरतो. रेशनचा इष्टांक त्यावरून ठरला. 2026 च्या जानेवारीत महापालिकेची निवडणूक झाली, तिचे प्रभागही 2011 च्याच माणसांवर बेतलेले होते. 2011 मध्ये पहिलीत असलेली मुलगी आज पदवीधर होऊन पुण्याला नोकरी शोधते आहे. आमच्या कागदावर ती अजून अकोल्यात, सहा वर्षांची आहे.

4,25,817 हा आकडा जुना आहेच, पण 2011 सालीही तो पुरता खरा नव्हता. 2001 मध्ये शहराची वस्ती चार लाखांच्या आसपास होती. म्हणजे दहा वर्षांत अकोला जेमतेम पंचवीस हजारांनी वाढले, असे कागद सांगतो. आमच्या जठारपेठेतून उमरीकडे कधी पायी गेलेल्या कोणालाही हे पटणार नाही. शहर वाढत होते, ते हद्दीच्या रेषेपलीकडे. उमरी, मलकापूर, खडकी या गावांच्या शेतांत प्लॉट पडत होते, घरे उठत होती, आणि तिथली माणसे ग्रामपंचायतीच्या खात्यात मोजली जात होती. रोजच्या कामाला, दवाखान्याला, शाळेला, भाजीला ती आमच्याच रस्त्यावर येत. 2016 च्या हद्दवाढीत ती गावे महापालिकेत आली. येणारी गणना ही या वाढलेल्या अकोल्याची पहिलीच गणना. हे तुमच्या कारकिर्दीत घडते आहे, ही साधी जबाबदारी नव्हे.

आकडा चुकला की काय होते, ते पाण्याच्या हिशेबात सर्वांत लवकर कळते. भुयारी गटार असलेल्या शहरात माणशी रोज 135 लिटर पाणी धरावे, असा सरकारी दंडक आहे. सव्वाचार लाख माणसांना ते रोज पावणेसहा कोटी लिटर होते. माणसे साडेपाच लाख असली, तर साडेसात कोटींच्या जवळ जाते. कागदावर नसलेल्या माणसालाही तहान लागते, आणि तो मधला फरक शेवटी सगळ्यांच्या नळातून वजा होतो.

आमचे पाणी महान गावाजवळच्या काटेपूर्णा धरणातून येते. धरण भरलेले असो की आटलेले, अकोल्यात नळ रोज येत नाहीत. चार-पाच दिवसांआड पाणी ही गोष्ट इथे इतकी अंगवळणी पडली आहे की तिची तक्रारसुद्धा कोणी मोठ्या आवाजात करत नाही. "आज नळ हायेत काय?" हा प्रश्न जठारपेठेत सकाळी एकमेकांना विचारण्याचा प्रश्न आहे. आणि इथेच मला जनगणनेबद्दलचे मुख्य म्हणणे मांडायचे आहे.

घरयादीच्या टप्प्यात प्रगणक विचारतो, की पिण्याच्या पाण्याचा मुख्य स्रोत कोणता, आणि तो घराच्या आवारात आहे, जवळ आहे की लांब. जठारपेठेतले जवळपास प्रत्येक घर उत्तर देईल: नळ, शुद्ध केलेल्या पाण्याचा, आवारात. उत्तर खरे आहे. तक्त्यात हे घर सर्वांत वरच्या रांगेत बसेल, जिथे चोवीस तास पाणी येणारे घर बसते त्याच रांगेत. नळ किती दिवसांनी येतो, किती वेळ राहतो, धार वरच्या मजल्यावर चढते की नाही, हे फॉर्म विचारत नाही. देशभरासाठी एकच फॉर्म काढताना ते राहून गेले असेल. पण वऱ्हाडातल्या शहरांचे राहणीमान नेमके याच प्रश्नावर उभे आहे.

कारण नळ उशिरा येण्याचा परिणाम केवळ गैरसोयीपुरता उरत नाही. ज्याच्याकडे जमिनीखाली हौद, गच्चीवर टाकी आणि वर पाणी चढवायला मोटर, त्याला पाचवा दिवस जाणवत नाही. एका खोलीतल्या भाडेकरूकडे दोन ड्रम असतात. पाणी दोघांनाही एकाच पाइपातून येते, पण पाचव्या दिवशी दोघांची घरे वेगवेगळ्या शहरांत असल्यासारखी असतात. त्यात कोणी नळाला टुल्लू पंप लावला की पुढच्या घराची धार बारीक होते आणि गल्लीत भांडण पेटते. बोअर खणावी, तर पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आमच्या उशाशीच. कित्येक ठिकाणचे भूजल पिण्याच्या कामाचे नाही. मग प्यायला विकतची कॅन. हा खर्च घरयादीत मोजला जात नाही.

आजाराचेही तसेच. डेंग्यू पसरवणारा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस पुरतात. आरोग्य विभाग दरवर्षी सांगतो, आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून घासा, कोरडा दिवस पाळा. सल्ला अगदी योग्य आहे. पण पुढचे पाणी नक्की कधी येईल याची खात्री नसलेली बाई भरलेला ड्रम ओतून देईल कशी? तिच्या निष्काळजीपणावर बोट ठेवण्याआधी तिला नळाचा वार पक्का सांगितला पाहिजे.

आता घरात राहणाऱ्यांबद्दल. 2001 ते 2011 या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या 15.99 टक्क्यांनी वाढली, अकोला जिल्ह्याची 11.27 टक्क्यांनी, शेजारच्या अमरावतीची त्याहूनही कमी. पुणे जिल्हा मात्र 30 टक्क्यांच्या वर गेला. वऱ्हाडातली तरणी माणसे कुठे गेली, हे सांगायला या चार आकड्यांपलीकडे पुरावा लागू नये. आमचा जिल्हा साक्षरतेत 2011 साली 88 टक्क्यांवर होता, पुणे जिल्ह्याच्याही पुढे. आम्ही मुले शिकवली आणि शिकलेली मुले पाठवून दिली. कापसाचे शहर, रेल्वेचे जंक्शन, कृषी विद्यापीठाचे गाव. तरी इंजिनिअर झालेल्या मुलाला इथे टेबल मिळत नाही. संध्याकाळी पुण्याच्या ट्रॅव्हल्स भरून निघतात.

मागे राहतात आईवडील. जठारपेठेतल्या जुन्या घरांच्या जागी अपार्टमेंट झाल्या, आणि त्यांतल्या कितीतरी फ्लॅटमध्ये दोनच माणसे असतात, सत्तरीच्या पलीकडची. काहींत एकच. त्यांच्याकडे पेन्शन आहे, फ्रीज आहे, मोबाइल आहे. घरयादीत ही घरे सुखवस्तू दिसतील. लिफ्ट बंद पडल्यावर तिसऱ्या मजल्यावरून औषधाला कोण उतरते, नळ पहाटे आले तर उठून मोटर कोण लावते, एप्रिल-मे महिन्यांत पारा 45 च्या वर गेल्यावर कूलरमध्ये पाणी कोण ओतते, हे त्या तक्त्यात नसते. 2011 ची वॉर्डवार आकडेवारी पाहा. शून्य ते सहा वयाची बालके वेगळी मोजलेली आहेत, पण साठीपुढच्यांचा रकाना नाही. राज्यात तेव्हाच दर दहा माणसांत जवळपास एक जण साठीच्या पुढचा होता. आणि जठारपेठ नावाची ओळ तर कोणत्याच तक्त्यात नाही. वॉर्डला क्रमांक असतो, पेठेला नसतो.

याच पेठेत दुसरीकडे क्लासेससाठी वाशीम, बुलडाण्याहून आलेली पोरे एका खोलीत तिघे-चौघे राहतात. या मुलांची नोंद इथे व्हायला हवी आणि घरमालकाने ती लपवू नये. घरपट्टी वाढेल या भीतीने भाडेकरू दडवणाऱ्यांना मी कळकळीने सांगतो: जनगणना कायदा, 1948 नुसार तुमची वैयक्तिक माहिती गोपनीय असते. ती कर वसुलीला वापरता येत नाही, कोर्टात पुरावा म्हणूनही मागता येत नाही. तुम्ही एक माणूस लपवला, तर त्याच्या वाटचे पाणी तुम्हीच सोडून दिले.

मोजणी वऱ्हाडाला नवी नाही. देशभराच्या 1872 च्या पहिल्या खानेसुमारीआधी पाच वर्षे, 1867 साली, वऱ्हाडात शिरगणती झाली होती. तेव्हाच्या सरकारला कापूस आणि सारा हवा होता, म्हणून माणसे मोजली. आज मोजणीचा हेतू वेगळा असल्याचे आपण म्हणतो. तो वेगळा असल्याचे शहराच्या कारभारात दिसले पाहिजे.

फॉर्ममधला प्रश्न तुम्हाला बदलता येणार नाही, हे मी जाणतो. गोपनीयतेमुळे जनगणनेतली नावे उचलून महापालिकेला वृद्धांची यादी करता येणार नाही, आणि येऊही नये. पण महापालिकेच्या हातात स्वतःची यंत्रणा आहे. पाणी सोडणाऱ्या प्रत्येक व्हॉल्वमनला कोणत्या भागात कोणत्या वारी, किती वेळ पाणी गेले हे ठाऊक असते. ती नोंद दर महिन्याला प्रभागवार जाहीर करा, मराठीत, झोन कार्यालयाच्या फळ्यावर. 2027 ची लोकसंख्या हाती आली की तिच्याशेजारी ती ठेवा. माणशी खरोखर किती पाणी मिळते ते मग कोणालाही काढता येईल. जनगणना संचालनालयाला पत्र लिहून साठ आणि ऐंशी वर्षांपुढच्यांची संख्या प्रभागनिहाय मागा. आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांची स्वतंत्र नोंद, त्यांच्या संमतीने, आरोग्य केंद्रांमार्फत सुरू करा, म्हणजे उन्हाच्या लाटेत कोणाचे दार वाजवायचे ते तरी कळेल.

ही नोंद जठारपेठेपासून सुरू करणार असाल, तर घरोघरी फिरायला इथले रहिवासी सोबत येतील. पुढच्या उन्हाळ्याआधी सुरुवात करा, एवढी विनंती.

आपला,
जठारपेठेतील एक रहिवासी