अकरावं वचन, सातवं वचन

दर 31 डिसेंबरला मध्यरात्रीच्या उपासनेनंतर आमच्याकडे वचनांच्या चिठ्ठ्या वाटतात. गाझियाबादची हिंदी मंडळी असो, की नगर-जालन्याकडून नोकरीसाठी इथं आलेल्या मराठी कुटुंबांची घरगुती प्रार्थनासभा, रीत तीच. टोपलीत हात घालायचा, गुंडाळी उलगडायची आणि वर्षभर ती फ्रिजवर चिकटवून ठेवायची. यातलं सगळ्यांत लाडकं वचन यिर्मयाच्या 29व्या अध्यायातलं अकरावं. देवाने तुमच्यासाठी योजलेलं सारं भल्याचंच आहे, असा त्याचा आशय. मुलाची जेईई, वैशालीतला फ्लॅट, अडलेली बढती, सगळीकडे ते चालतं. पवित्र शास्त्र रोजच्या जगण्याला लावायचं म्हणजे हेच, अशी आपली पक्की समजूत आहे. माझा वाद या समजुतीशी आहे.

त्याच अध्यायाचं सातवं वचन मी आजवर एकाही चिठ्ठीवर पाहिलेलं नाही. यिर्मयाचं हे पत्र बाबेलात धरून नेलेल्या लोकांना लिहिलेलं. तिथंच घरं बांधा, मळे लावा, लेकीसुनांचे संसार मांडा आणि ज्या शहरात तुम्हांला नेलं आहे त्याच्या हितासाठी झटा, असं ते सांगतं. सुटकेला सत्तर वर्षं आहेत, हे दहाव्या वचनात येतं. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांतले बहुतेक जण परमुलखातच देह ठेवणार होते. अकरावं वचन या हिशोबानंतरचं आहे. ते कुणा एकट्याच्या बढतीची हमी देत नाही. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रातल्या 4:13 चीही तीच गत. परीक्षेच्या पॅडवर ते दिमाखात लिहिलेलं असतं. पण पौल ते बेड्यांत असताना लिहितो आणि एकच वचन आधी, उपाशी राहायलाही मी शिकलो आहे, असं सांगून मोकळा होतो. ते कोण वाचतो?

पोटापाण्यासाठी परक्या गावी राहणाऱ्या आपल्याला खरं लागू पडतं ते सातवं वचन. मग या शहराचं हित कशात?

22 ऑगस्ट 2019 ला याच शहरातल्या नंदग्राममध्ये गटारात पाच कामगार गुदमरून मेले. ठेकेदाराकडचे, बिहारहून आलेले. एक उतरला, वर आला नाही. त्याला पाहायला दुसरा, मग तिसरा. हातानं मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणारा पहिला कायदा 1993 चा, दुसरा अधिक कडक 2013 चा. सर्वोच्च न्यायालयानं गटारातल्या मृत्यूची भरपाई 2014 मध्ये 10 लाख ठरवली आणि 2023 मध्ये 30 लाखांवर नेली. रक्कम वाढली, माणसं उतरायची थांबली नाहीत.

त्या आठवड्यात मंडळीत मृतांसाठी प्रार्थना झालीही असेल. पण याचा शास्त्राशी काही संबंध आहे, असं आपल्याला वाटत नाही. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचे 22 ते 24 हे तीन अध्याय सलग वाचून पाहा. नवं घर बांधशील तर धाब्याला कठडा कर, कुणी पडलं तर रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल, अशी आज्ञा तिथं आहे. मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्यायची. तो स्वकीय असो की परदेशी, अशी दुसरी. आणि मधल्या 23व्या अध्यायात आहे शौचाची व्यवस्था. छावणीतल्या प्रत्येकानं हत्यारांबरोबर एक खुरप्यासारखं अवजार बाळगायचं, बाहेर जाऊन खड्डा खणायचा आणि आपली घाण आपण झाकायची. कारण काय, तर देव छावणीतून फिरतो. व्यासपीठावरून यावर प्रवचन झालेलं मी ऐकलेलं नाही. चारचौघांत वाचायला संकोच वाटतो, दुसरं काय! पण ज्याची घाण त्याची जबाबदारी, आणि ती देवासमोरची जबाबदारी, हे इतक्या उघडपणे आणखी कुठे सांगितलं आहे?

आता पूर्वपक्ष ऐकू, कारण तो हलका नाही. आमचे अभ्यासू बंधू म्हणतील की हे नियमशास्त्र इस्राएलाला दिलेलं. ख्रिस्तानं आपल्याला त्यातून मोकळं केलं, गलतीकरांस पत्र वाचा. तारण कृपेनं, कर्मानं नव्हे. हे मला पूर्ण मान्य आहे. पण यिर्मयाचं पत्रही बाबेलातल्या यहूद्यांनाच लिहिलेलं होतं. ते फ्रिजवर लावताना हा नियम कुठे जातो? आशीर्वाद आपले आणि आज्ञा इस्राएलाच्या, ही वाटणी सोयीची आहे, शास्त्रातली नाही. शिवाय खुद्द पौलानं जुनं वचन कसं लावून दाखवलं, ते बघा. मळणीच्या बैलाला मुसकं घालण्याची मनाई अनुवादाच्या 25व्या अध्यायात आहे. करिंथकरांस लिहिताना पौल ती उचलतो आणि विचारतो की देवाला काळजी फक्त बैलांची आहे का? त्यातून तो राबणाऱ्याच्या पोटाचा हक्क काढतो. तीमथ्याला लिहिलेल्या पत्रातही तोच बैल पुन्हा येतो. आज्ञेची अक्षरं त्या काळाची, हेतू सर्व काळाचा, ही त्याची रीत. गाझियाबादच्या विसाव्या मजल्यावरून खुरपं घेऊन खाली उतरा, असं म्हणणारा वेडा ठरेल. पण आपल्या सोसायटीच्या सांडपाणी प्रकल्पाच्या टाकीत कोण उतरतं, हे विचारणं म्हणजे पौलाची रीत पाळणं.

याकोबाचं पत्र तर यापुढे जातं. अडवून ठेवलेली मजुरीच तिथं देवाकडे ओरड करते. धर्मसुधारक लूथरला हे पत्र रुचलं नाही. आपल्या नव्या कराराच्या भाषांतराला जोडलेल्या 1522 च्या प्रस्तावनेत त्यानं त्याला गवताचं पत्र म्हटलं आणि पुढच्या आवृत्त्यांतून ते शब्द गाळले. लूथरची भीती खरी होती, माणूस पुण्याचा बाजार मांडतो. पण आपल्याकडे बाजार विश्वासाचा मांडला आहे, त्याचं काय?

दुसरे आक्षेपक बाहेरचे. संविधान आहे, कायदा आहे, त्यात शास्त्र कशाला, असं त्यांचं म्हणणं. कायदा हवाच. पण तो ठेकेदाराला धरतो. सोसायटीच्या सभेत सगळ्यांत स्वस्त कोटेशनला हात वर करणाऱ्या फ्लॅटवाल्याला धरत नाही. तिथं विवेकाचंच काम आहे आणि माझा विवेक या ग्रंथावर पोसला आहे. तिसरा आक्षेप या प्रदेशात नेहमीचा, सेवा म्हणजे प्रलोभन. उत्तर प्रदेशच्या 2021 च्या धर्मांतरविरोधी कायद्यात प्रलोभनाची व्याख्या चांगलीच लांबरुंद आहे. पण घामाचे पैसे वेळेवर देणं आणि टाकीत माणसाऐवजी यंत्र उतरवणं हे दान नव्हे, देणं आहे. देण्यात कसलं प्रलोभन?

मराठी ख्रिस्ती परंपरेला शास्त्र असं जगण्याला लावणं नवं नाही. केडगावच्या मुक्ती सदनात पंडिता रमाबाई मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या, आणि ते छापायला खिळे जुळवत होत्या दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुली आणि विधवा. शास्त्रपाठ आणि रोजगार एकाच छपरा‌खाली. अलीकडचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. ‘सुबोध बायबल’साठी त्यांना साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. पण वसईच्या माणसाला विचारा, तो ‘हरित वसई’ चळवळीचं नाव आधी घेईल. विहिरी उपसणारे टँकरवाले आणि वाड्या गिळणारे बिल्डर यांच्यासमोर हा धर्मगुरू उभा राहिला. पाद्र्यानं वेदी सांभाळावी, पाण्याच्या भानगडीत कशाला पडावं, हा सल्ला त्यांना कमी मिळाला नसेल. त्यांनी वेदीही सोडली नाही आणि विहीरही.

म्हणून सोसायटीच्या येत्या सर्वसाधारण सभेत सांडपाण्याचं कंत्राट निघेल, तेव्हा आपल्यातल्या एकानं उठून तीन गोष्टी लेखी मागाव्यात. टाकी यंत्रानं साफ होणार का, वायू मोजायचं मीटर कुणाकडे असेल, आणि कामगाराची मजुरी कुठल्या तारखेला होईल. शेजारी कुरकुरतील की मेंटेनन्स वाढेल. वाढेलच, त्या वाढलेल्या पैशांतलं पहिलं पाकीट प्रार्थनासभेला येणाऱ्यांनी काढावं.