मुंबई सोडली म्हणजे काय सोडलं?
२०२५च्या एप्रिलमध्ये यशस्वी जयस्वालने गोव्याकडून खेळण्यासाठी मुंबई क्रिकेट असोसिएशनकडे ना हरकत प्रमाणपत्र मागितलं आणि पुढच्याच महिन्यात तो अर्ज मागेही घेतला. मधल्या काळात त्याच्या निष्ठेचा पंचनामा करायला मात्र अनेकांना सवड मिळाली. आधी मुंबईचा आणि मग दुसऱ्या कुणाचा असा खेळाडू आपल्याला खुपतो. खरं तर तो दोन्ही संघांचं भलं करून जातो, आणि त्याचा सर्वांत ठसठशीत पुरावा मुंबई आणि विदर्भ या दोन्ही संघांकडून खेळलेल्या वसीम जाफरच्या कारकिर्दीत आहे. मुंबईला कर्णधार म्हणून लागोपाठ दोन रणजी करंडक मिळवून दिल्यावर तो २०१५-१६च्या हंगामात विदर्भात गेला. तोवर विदर्भाने अंतिम फेरीसुद्धा पाहिली नव्हती. २०१७-१८मध्ये इंदूरला दिल्लीला हरवून विदर्भाने पहिला करंडक जिंकला आणि पुढच्या वर्षी तो राखला. त्या दुसऱ्या हंगामात चाळिशीतल्या जाफरने हजारावर धावा केल्या. मुंबईत त्या वयात त्याला जागा मिळाली असती का, याचं उत्तर मैदानावरचा कुणीही देईल.

पाहुणे आले की स्थानिक मुलांच्या जागा जातात, हा यावरचा नेहमीचा आक्षेप. तो अगदी पोकळ नाही. जागा अकराच असतात. पण विदर्भात पुढे काय घडलं तेही पाहावं. २०२४-२५मध्ये त्यांनी उपांत्य फेरीत मुंबईलाच नमवून तिसरा करंडक नेला. त्या संघात करुण नायरसारखे बाहेरचे होते आणि त्यांनी धावांचा डोंगरही रचला, पण हंगामात ६९ बळी घेणारा हर्ष दुबे, ९६० धावा करणारा यश राठोड आणि अंतिम सामन्यात दीडशतक ठोकणारा दानिश मालेवार हे विदर्भातच घडलेले. पाहुण्यांच्या सावलीत ते खुरटले नाहीत. शिवाय पाहुण्या खेळाडूंच्या संख्येवर बीसीसीआयची मर्यादा आहेच.

दुसरी तक्रार मुंबईकरांची: घडवायचं आम्ही आणि फळं चाखायची दुसऱ्यांनी. इथे आपली स्मरणशक्ती जरा सोयीस्कर होते. श्रीरामपूरचा झहीर खान बडोद्याकडून रणजी जिंकून मुंबईकडे आला आणि २००६-०७च्या विजेतेपदात त्याचा मोठा वाटा होता. तेव्हा बडोद्याची हळहळ इथे कुणाच्या कानी पडली नाही. जयस्वाल स्वतः उत्तर प्रदेशातल्या भदोहीचा. येणाऱ्याला मुंबईकर म्हणायचं आणि जाणाऱ्याला कृतघ्न, हा हिशेब एकतर्फी आहे.

मूळ अडचण आकड्यांची आहे. २०११च्या जनगणनेनुसार एकट्या मुंबईची लोकसंख्या सव्वा कोटीच्या घरात, गोव्याची पंधरा लाखांहून कमी. रणजीत दोघांचा संघ एकेकच. मुंबईच्या संघात ठाणे आणि नवी मुंबईही मोडते. नवी मुंबईतल्या करावे गावच्या मुलाला नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम जवळ, २००८च्या आयपीएलची अंतिम लढत तिथेच झाली; पण रणजीच्या टोपीसाठी त्याला कुलाब्यापासून पालघरपर्यंतच्या मुलांशी झुंजायचं आहे. रायगडात अलिबागला जन्मला असता, तर त्याची वाट महाराष्ट्राच्या संघाकडे गेली असती. असोसिएशनच्या हद्दीने ठरलेल्या गोष्टीला निष्ठेचं नाव देणं मला पटत नाही.

उलट परतीचं दारही उघडं हवं. सिद्धेश लाड गोव्याकडून खेळला, मुंबईत परतला आणि नोव्हेंबर २०२४मध्ये ओडिशाविरुद्ध नाबाद १६९ धावा करून श्रेयस अय्यरच्या द्विशतकाला साथ दिली. गोव्यात गेला नसता, तर कदाचित तो राखीव बाकावरच गंजला असता. खटकावं ते एका हंगामापुरतं येऊन मानधन घेऊन जाणाऱ्यांचं. त्यांच्याशी करार करताना छोट्या संघांनी निदान दोन-तीन हंगामांची अट घालावी आणि एकोणीस वर्षांखालच्या मुलांच्या सरावासाठी त्यांचे काही दिवस लेखी मागून घ्यावेत.