स्वभावावर फोडलेलं खापर

भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईचं नाव मिरचीच्या बाजारासाठी, फुटबॉलसाठी नव्हे. पण कोण का बुडाला याचा निकाल द्यायला मैदान लागतंच असं नाही, मोबाइल पुरतो. जून 2024 मध्ये भारतीय फुटबॉल संघाचे प्रशिक्षक इगोर स्टिमॅक यांना काढलं, तेव्हा दिल्लीपासून गल्लीपर्यंत निदान एकच होतं. माणूस हेकट, भांडकुदळ, म्हणूनच बुडाला.

या म्हणण्याला आधार नाही असं नाही. 2023 च्या सॅफ या दक्षिण आशियाई स्पर्धेत पाकिस्तानचा खेळाडू थ्रो-इन घेत असताना स्टिमॅकनी त्याच्या हातातला चेंडू उडवला आणि लाल कार्ड ओढवून घेतलं. वर दुसऱ्या दिवशी, गरज पडली तर पुन्हा हेच करीन, असं जाहीर केलं. कुवेतविरुद्ध पुन्हा लाल कार्ड. क्लबांशी उघड वाद, पंतप्रधानांना जाहीर पत्र. मग जानेवारी 2024 च्या आशियाई चषकात तीन सामने, तीन पराभव आणि एकही गोल नाही. जोडीला चेल्सी क्लबचे तेव्हाचे प्रशिक्षक मोरिन्यो यांचा दाखला असतोच. ऑगस्ट 2015 मध्ये ते आपल्याच संघाच्या डॉक्टरवर उखडले आणि डिसेंबरात चेल्सीबाहेर गेले.

वरवर पाहता निरुत्तर करणारा युक्तिवाद. पण चेंडू उडवणाऱ्या स्टिमॅकचं तेव्हा कौतुकच झालं होतं, कारण पाकिस्तानला आपण 4-0 हरवलं होतं. त्याच वर्षी जुलैत आपण सॅफ जिंकलो आणि जागतिक क्रमवारीत 99 वर पोहोचलो. गंमत म्हणजे अंतिम सामन्यात स्टिमॅक बंदीमुळे बाकावर नव्हतेच. संघ सांभाळत होते त्यांचे गोव्याचे सहायक महेश गवळी. आता जो स्वभाव बाहेर बसवून संघ जिंकला, त्या स्वभावाला विजयाचं श्रेय देता येत नाही. मग पराभवाचा दोष कोणत्या न्यायानं द्यायचा?

आणि तो शेवटचा सामना. 11 जून 2024, दोहा. छांगतेच्या गोलवर भारत 73 व्या मिनिटापर्यंत कतारपुढे 1-0 ने आघाडीवर. जिंकलो असतो तर विश्वचषक पात्रतेच्या तिसऱ्या फेरीत पोहोचलो असतो. तेवढ्यात मैदानाबाहेर गेलेला चेंडू कतारनं आत ओढून गोल केला आणि पंचांनी तो मान्य केला. पुढे 2-1 हरलो. पंचांच्या नजरेतून चेंडू सुटला नसता, तर हेच पंडित 'कणखर नेतृत्वा'वर अग्रलेख लिहीत बसले असते.

तरी ज्यांना पटत नसेल त्यांनी पुढचं पाहावं. स्टिमॅकच्या जागी मानोलो मार्केझ आले. शांत, मोजकं बोलणारे. देशासाठी त्यांनी आठ सामन्यांत एकच विजय मिळवला, तोही मालदीवविरुद्ध. पण त्याच काळात हाच माणूस एफसी गोवा क्लबचाही प्रशिक्षक होता, आणि मे 2025 मध्ये त्यानं गोव्याला सुपर कप जिंकून दिला. स्वभाव एकच, वर्षही एकच. फरक इतकाच की गोव्यात खेळाडू रोज हाताशी होते आणि देशाच्या संघात चार दिवस उसने मिळत होते.

मग स्वभावाचा काहीच संबंध नाही? आहे, पण तो सामना हरण्याशी नाही. हरल्यावर पाठीशी कोण उभं राहतं, ते स्वभाव ठरवतो. पाठीशी माणसं असली की काय होतं, ते पाहा. 31 जानेवारी 2020 रोजी एफसी गोवानं तेव्हाचे प्रशिक्षक सर्जिओ लोबेरांना काढलं. साखळीचे जेमतेम तीन सामने उरले होते आणि संघ अव्वल स्थानाच्या शर्यतीत होता. लोबेरा मुंबई सिटीत गेले, तर मागोमाग मंदार राव देसाई, फाल, जाहू, बुमू असे गोव्याचे बिनीचे खेळाडूही गेले. मार्च 2021 मध्ये मुंबईनं विजेतेपद पटकावलं, तेही गोव्याच्याच फातोर्डा मैदानावर. याला कुणी बुडणं म्हणत असेल तर त्याला दंडवत.

पिंपळगावच्या मिरचीच्या बाजारातला अडत्या शेतकऱ्याच्या भावासाठी परराज्यातल्या व्यापाऱ्याशी कितीही भांडला तरी चालतं. शेतकऱ्याशीच भांडला, तर उद्या त्याच्याकडे गोणी उतरत नाही. स्टिमॅक भांडले ते गोणी आणणाऱ्यांशी, म्हणजे खेळाडू देणाऱ्या क्लबांशी. आशियाई खेळांसाठी खेळाडू सोडायला क्लब नियमानं बांधील नव्हते, तिथं गोडीगुलाबीच कामी आली असती. शेवटी जेमतेम जमवलेला संघ सामन्याच्या आदल्या दिवशी चीनमध्ये उतरला आणि 5-1 असा हरला. देशाच्या संघाच्या शिबिराला जास्त दिवस द्या, ही स्टिमॅक यांची मागणी शंभर टक्के बरोबर होती. ती ज्यांच्याकडून मान्य करून घ्यायची, त्यांनाच त्यांनी चव्हाट्यावर उभं केलं. दोह्यात पंचांनी अन्याय केला तेव्हा महासंघानं त्या गोलाविरुद्ध तक्रार केली खरी, पण त्याच महासंघानं काही दिवसांतच स्टिमॅकना काढलं. नडला तो स्वभाव इथं. एरवी त्या निकालानंतरही एखादा प्रशिक्षक तरला असता.

ऑगस्ट 2025 पासून त्या खुर्चीवर खालिद जमील आहेत, मुंबईच्या फुटबॉलमध्ये मुरलेले. ऑक्टोबरात फातोर्ड्यावर सिंगापूरनं आपल्याला 2-1 हरवलं आणि 2027 च्या आशियाई चषकाचं दार बंद झालं. जमील फार गप्प असतात म्हणून हरलो, असं आता कुणी सांगू लागलं, तर त्याला आधी विचारा: शिबिर किती दिवसांचं होतं आणि कोणत्या क्लबनं खेळाडू कधी सोडले?