आजीचं लेबल आणि माझा लॅपटॉप



मागच्या महिन्यात या सदराला खाडा झाला, त्याबद्दल आधी माफी मागते. कारण मात्र खरं आहे. कॉलेजात आम्हाला एक काम दिलं होतं. घरातलं एखादं जुनं छापील चित्र शोधायचं आणि तेच तीन तऱ्हांनी पुन्हा करायचं: लिनोवर कोरून, स्क्रीन प्रिंटिंगनं आणि कॉम्प्युटरवर. मला वाटलं होतं, आठवड्याभरात उरकेल. पुरा दीड महिना गेला.

वर्गातल्या निम्म्या जणांनी राजा रविवर्म्याची लक्ष्मी नाहीतर सरस्वती आणली. साहजिकच आहे. पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या मित्रांनी १८७८ मध्ये चित्रशाळा काढली, रविवर्म्यानं १८९४ मध्ये मुंबईत गिरगावात छापखाना सुरू केला, आणि देवांची रंगीत चित्रं साध्या माणसांच्या भिंतींवर येऊन बसली. ही चित्रं दगडावरून छापायचे. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूनं चित्र काढायचं, दगड ओला करायचा आणि मग शाईचा रूळ फिरवायचा. तेलकट जागा शाई धरते, ओली जागा धरत नाही. पण एका दगडावर एकच रंग. साडीच्या गुलाबीला एक दगड, कमळाच्या हिरव्याला दुसरा. तोच कागद प्रत्येक दगडावर अगदी त्याच जागी ठेवायचा. लॅपटॉपवर आपण एकावर एक लेयर चढवतो ना, त्यांचे हे पणजोबा. फक्त एकेक लेयर उचलायला दोन माणसं लागायची.

आमच्या देवघरातही तशी लक्ष्मी आहे. पण ती उतरवायला आई तयार होईना, म्हणून मी आजीची ट्रंक उघडली. तळाशी, लग्नातल्या शालूच्या घडीत, एक पिवळा पडलेला कागद होता. तळहाताएवढा. त्यावर कोंबडा. काळी रेघ, पिवळं अंग, लाल तुरा. बिडीच्या बंडलाचं लेबल.

"दुसरं काहीतरी घे ना," बाबा लगेच म्हणाले. आईही गप्प झाली.

आमच्या घरात आजी निपाणीची, एवढंच सांगतात. निपाणीत ती काय करायची, ते कुणी सांगत नाही. ती बिड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली तेंदूची पानं. हजार बिड्या झाल्या की त्या हजाराची मजुरी. पुढं काही दिवस लेबलं लावायचं कामही तिनं केलं. मग बेळगावला आलो, खडेबाजाराच्या मागच्या गल्लीत घर झालं, बाबांना नोकरी लागली, आणि ही गोष्ट ट्रंकेत गेली. मी हट्टानं तेच लेबल घेतलं.

पहिली पाळी लिनोची. कोंबडा झकास कोरला, खाली लेबलावरचं "निपाणी" कोरलं, शाई लावून कागद दाबला आणि उचलला, तर गाव उलटं! छापताना डावं-उजवं बदलतं हे मला माहीत होतं. कोंबड्याच्या बाबतीत लक्षात होतं, अक्षरांच्या वेळी विसरले. सर हसले आणि त्यांनी मिरजेची गोष्ट सांगितली. पेशवाईच्या अखेरच्या काळात नाना फडणविसांच्या मनात गीता छापायची होती. पुण्यातला इंग्रज वकील मॅलेट याच्याकडच्या लोकांकडून एक तांबट ही कला शिकला होता. पुण्यात ते काम तडीस गेलं नाही. तो कारागीर मिरजेला पटवर्धनांच्या आश्रयाला गेला आणि १८०५ मध्ये तांब्याच्या पत्र्यांवरून गीता छापली गेली. अ. का. प्रियोळकरांनी मुद्रणाच्या इतिहासात हे नोंदवून ठेवलं आहे. भांडी घडवणाऱ्या माणसानं अख्खी गीता उलट्या अक्षरांत कोरली, आणि मला तीन अक्षरं जमली नाहीत! लॅपटॉपवर "फ्लिप" नावाचं बटण आहे. ते मी हजारदा दाबलंय. ते कशासाठी असतं, हे त्या दिवशी कळलं.

दुसरी पाळी स्क्रीनची. त्यासाठी काकांचं दुकान होतंच. खडेबाजारात त्यांचं छोटं काम आहे: लग्नपत्रिका, कापडी पिशव्या, दुकानांचे स्टिकर. स्क्रीन म्हणजे लाकडी चौकटीवर ताणलेली बारीक जाळी. तिच्यावर प्रकाशानं कडक होणारं रसायन लावायचं, वर काळं चित्र काढलेली फिल्म ठेवायची आणि उजेड द्यायचा. उजेड लागला तिथं जाळी बुजते. काळ्याखालचं रसायन पाण्यानं धुऊन जातं आणि तेवढीच भोकं मोकळी राहतात. मग रबराच्या पट्टीनं शाई ओढायची.

मी लेबल स्कॅन करून मोठ्या ऐटीत फाइल नेली. कोंबड्याच्या पंखांत सुंदर फिकट-गडद छटा भरल्या होत्या. काकांनी पाहिलं आणि म्हणाले, "हे काय करून आणलीस? ग्रे बिरे काही नसतंय इथं. शाई हाय, न्हाईतर न्हाई."

मी ऐकलं नाही. जाळी वाया गेली, पंखांच्या जागी नुसते काळे गोळे उठले. तेव्हा काकांनी पेपरातला एक फोटो भिंगाखाली धरला. त्यात राखाडी कुठंच नव्हता. नुसते ठिपके, लहान आणि मोठे. लांबून आपलाच डोळा त्यांचा राखाडी करतो. नंतर आजीचं लेबल भिंगाखाली धरलं. त्यात ठिपकेही नव्हते, तीन सलग रंग. ज्यानं ते केलं त्याला आधीच ठरवावं लागलं असणार, कुठं शाई आणि कुठं कोरा कागद. मी लॅपटॉपवर ठरवतच नव्हते. अन्डू आहे म्हणून पुढं ढकलत होते.

मग शहाणी झाले. छटा काढल्या, रंग वेगळे केले, तीन जाळ्या केल्या, कोपऱ्यांत अधिकच्या खुणा टाकून रजिस्टर जुळवलं. मूळ लेबलात लाल रंग थोडा सरकला होता, तुरा काळ्या रेघेबाहेर गेला होता. तो मी लॅपटॉपवर नीट बसवला. कागदाचा पिवळेपणा घालवला. घडीमुळं पडलेली चीर बुजवली. कडेला एक तपकिरी डाग होता, तोही पुसला. वीस प्रती काढल्या. काकासुद्धा "फस्क्लास" म्हणाले.

संध्याकाळी एक प्रत आजीच्या हातात दिली. तिनं चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं आणि परत केली.

"चांगलाय. पण ह्यो आमचा कोंबडा न्हवं."

"अगं आजी, तोच आहे!"

"आमच्या कोंबड्याचा तुरा उडालेला असायचा. लेबलं लावताना आम्ही पोरी हसायचो, वाऱ्यानं उडाला म्हणायचो. आन् माजा डाग कुटं गेला?"

तो डाग तिच्या अंगठ्याचा होता. तंबाखूनं रंगलेल्या, खळ लावलेल्या अंगठ्याचा. मी तो एका क्लिकमध्ये पुसला होता.

रात्री लॅपटॉप उघडून बसले. नशीब, मूळ स्कॅन वेगळा ठेवला होता. प्रत्येक खुणेला एकच प्रश्न विचारला: ही लेबल छापताना आणि वापरताना झाली, की नंतर ट्रंकेत पडून? चीर ट्रंकेतली, ती बुजवली. तुरा छापखान्यातला, तो तसाच उडू दिला. डाग आजीचा. त्याच्यासाठी चौथी जाळी केली.

कॉलेजच्या प्रदर्शनात खाली चिठ्ठी लावली: "बिडीचं लेबल, निपाणी. जपून ठेवणारी: माझी आजी, बिडी कामगार." बाबा आले तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. ते चिठ्ठीसमोर उभे राहिले. मग शेजारी उभ्या असलेल्या माझ्या मैत्रिणीला, मी न विचारताच, सांगू लागले, "हजार पुरे झाल्याशिवाय आई जेवायला उठायची नाही. मी तिच्या शेजारी बसून अभ्यास करायचो." मी हे पहिल्यांदाच ऐकत होते.

आता तुमच्यासाठी थोडं. तुमच्याही घरी, मग ते बेळगावात असो, पुण्यात असो की परदेशात, असा एखादा कागद असेल: जुनी पत्रिका, पावती, कॅलेंडरचं पान. तो ६०० डीपीआयवर स्कॅन करा, मागची बाजूसुद्धा. मूळ फाइलला हात लावू नका, काय करायचं ते तिच्या प्रतीवर करा. आणि डाग पुसण्याआधी तो ज्यांचा असेल त्यांना एकदा विचारा. ते आहेत तोवरच विचारता येतं.

आजीनं दुसरी प्रत घेतली. ती आता देवघरात, लक्ष्मीच्या शेजारी आहे. आईनंच लावली.

पुढच्या महिन्यात नक्की भेटू. यंदा खाडा नाही!