नाच त्यांचा, घाम आमचा

‘तुमचा संगणक म्हातारा झाला, नवा घ्या,’ असं हल्ली कोणीही सांगतं. दुरुस्तीवाला सांगतो, भाचा सांगतो, शेजारचे काका तर न विचारताच सांगतात. माझा या निदानाला सक्त विरोध आहे. ताप न पाहता औषध लिहिणाऱ्या डॉक्टरकडे आपण पुन्हा जात नाही. मग संगणकानंच काय घोडं मारलंय?

आपण इंटरनेटवर वाचायला बसतो भरल्या वांग्यांची कृती. पान उघडतं आणि कडेला साडीची जाहिरात गिरक्या घेऊ लागते, वर सोन्याचा भाव सरकत राहतो. ही चित्रं फुकट नाचत नाहीत, मंडळी! सेकंदाला 60 चित्रं दाखवायची, म्हणजे एकेका चित्राला जेमतेम 16 मिलिसेकंद. लग्नघरच्या आचाऱ्यालासुद्धा एवढी घाई नसते. प्रोसेसर राबतो, पंखा घोंघावतो, बॅटरी उतरते. आणि विजेचं बिल साडीवाल्याला नव्हे, आपल्याला येतं.

दुखणं जुनंच आहे. फ्लॅशमुळे बॅटरी लवकर संपते, अशी तक्रार 2010 साली स्टीव्ह जॉब्जनं जाहीर पत्रात केली होती. 2020 च्या 31 डिसेंबरला अडोबीनं फ्लॅशचा आधार काढून घेतला. सुटलो म्हणता? छे! तालमास्तर बदलला, नाच तोच. आता ब्राउझर स्वतःच नाचवतो.

म्हणून म्हणतो, आधी मोजा. विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. बाकी सगळं बंद करून प्रोसेसरचा आकडा टिपून घ्या. मग ते पान उघडा, मिनिटभर हाताची घडी घालून बसा आणि पुन्हा आकडा बघा. पान मात्र समोर दिसत राहू द्या. ते मागे गेलं की ब्राउझर बराचसा नाच आवरता घेतो. आणि 25 टक्के दिसले म्हणून हुरळू नका. चार कोअरच्या साध्या प्रोसेसरचा एक कोअर पुरता पिचला तरी आकडा तेवढाच दिसतो. चार भावांत एकटाच मरमर करतो आणि सरासरीनं घर सुखी दिसतं, त्यातलाच प्रकार!

जाहिरातवाले म्हणतील, नाचल्याशिवाय कोण बघतो? नाचवा की! पण थांबवायची सोयही ठेवा. आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांहून जास्त हलणारं चित्र वाचकाला थांबवता आलं पाहिजे, हे वेब-सुगम्यतेच्या 2008 सालच्या निकषांतच लिहिलं आहे. शिवाय ते चित्र कचेरीतल्या कोऱ्या करकरीत यंत्रावर नव्हे, आमच्यासारख्यांच्या सात वर्षं वापरलेल्या यंत्रावर तपासा.

तोवर माझं मत ठाम आहे. ज्याला दिवसभर वरातीत नाचवलंय, त्याला धाप लागणारच. आधी वरात थांबवा, मग त्याचं वय विचारा.