गणकयंत्र आणि सतरंजी

आमच्या घरांत गणकयंत्रें किती आहेत याची मोजदाद एका रविवारीं दुपारीं आम्हीं केली. चिरंजिवांच्या टेबलावर एक, नातवाच्या दप्तरांत एक आणि सूनबाईंच्या किराण्याच्या वहीजवळ एक, अशीं तीन निघालीं. शिवाय मातोश्रींवांचून घरांतील सहाहि माणसांच्या मोबाइलमध्यें एकेक आहेच. म्हणजे माणसें सात आणि यंत्रें नऊ! ही बेरीज मात्र आम्हीं तोंडीं केली.

लोक ज्यास कॅल्क्युलेटर म्हणतात त्याचे आम्ही वैरी नाहीं. आयुष्याचीं तेहतीस वर्षें आम्हीं मुलांस संस्कृत शिकविण्यांत, आणि शिक्षक अपुरे पडत तेव्हां गणिताचे तास घेण्यांत घालविलीं. तेव्हां ‘आमच्या वेळीं तिसापर्यंत पाढे पाठ असत’ हें पालुपद आतां येणार, अशी कित्येक वाचकांची अटकळ असेल. पाढे पाठ असत हें खरें. पण बाजाराच्या यादीची बेरीज, कर्जाचें व्याज, नातवाच्या गुणांची शेंकडेवारी हीं कामें यंत्र बिनचूक करितें, आणि थकलेल्या डोळ्यांस तेवढाच विसांवा मिळतो. १६४२ सालीं फ्रान्समधील पास्काल या तरुणानें करवसुलीच्या हिशेबांत बुडालेल्या आपल्या वडिलांस मदत व्हावी म्हणून चाकांचें गणकयंत्र रचण्यास आरंभ केला. १९७२ सालीं ह्यूलेट-पॅकर्ड कंपनीनें वर्गमूळ व त्रिकोणमिति जाणणारें, खिशांत मावणारें यंत्र ३९५ डॉलरांस विकावयास काढिलें. आज तसें यंत्र भाजीवाल्याच्याहि मोबाइलमध्यें असतें. या सोयीबद्दल कृतज्ञच असावें. परंतु या सोयीनें गेल्या पावसाळ्यांत आमच्यावर जो प्रसंग आणिला तो वाचकांस सांगण्यासारखा आहे.

अंधेरी पूर्वेस आमची सोसायटी आहे. इमारतीनें पन्नाशी केव्हांच ओलांडली आहे. सोळा बिऱ्हाडें, गळकी गच्ची आणि टेकू दिलेले सज्जे असा आमचा संसार. उपनगरांतील अशा शेंकडों इमारतींप्रमाणें आमचाहि पुनर्विकास ठरला. ज्याचें आज जितकें चटई-क्षेत्र, त्याच्या ठराविक शेंकडा प्रमाणांत अधिक क्षेत्र नव्या घरांत मिळावयाचें, असा करार. म्हणजे आजचें माप चुकलें तर ती चूक पुढें आणखी फुगणार, हें उघड आहे. मोजणीचें काम आमच्या पुतण्यानें उत्साहानें अंगावर घेतलें. मुलगा वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि स्वभावानें परोपकारी. जुना टेप घेऊन तो सोळाहि घरीं फिरला, लांबी-रुंदी लिहून आणिली, गणकयंत्रावर गुणाकार केले आणि सुबक तक्ता तयार केला. प्रत्येक क्षेत्र दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत! आमच्या दिवाणखान्यापुढें १४२.५१ चौरस फूट असा आंकडा होता. तो पाहून आम्हांस शंकेचा लवलेशहि आला नाहीं. उलट, दशांशचिन्हापुढचे ते दोन आंकडे पाहून आम्हांस मोठा भरंवसा वाटला. आम्ही सही करण्यास पेन उघडलें.

इतक्यांत मातोश्रींनीं विचारलें, “किती भरला रे दिवाणखाना?”

आम्हीं आंकडा वाचून दाखविला.

“छे! एकशें बेचाळीस कसा होईल? आपली सतरंजी पंधरा बाय अकराची. ती अंथरली म्हणजे भिंतीशीं बोट-दोन बोटें दुमडते, एवढेंच. पंधरा दाहे दीडशें, वर पंधरा, एकशें पासष्ट. त्यांतून दोन-चार कमी कर. वीस-बावीस फूट गेले कोठें?”

मातोश्रींचें वय नव्वद. शिक्षण मराठी चौथीपर्यंत. आम्ही पेन मिटलें आणि पुतण्याची वही मागविली. वहींत दिवाणखान्याचें माप १०.१० आणि १४.११ असें लिहिलें होतें. खोली होती दहा फूट दहा इंच रुंद आणि चौदा फूट अकरा इंच लांब. बोलतांना आपण ‘दहा-दहा’, ‘चौदा-अकरा’ म्हणतों. लिहितांना मध्यें एक टिंब देतों. माणसास तें टिंब म्हणजे फूट आणि इंच यांमधील विराम वाटतो. यंत्रास मात्र तें दशांशचिन्ह. त्यानें दहा इंचांस फुटाचा दहावा भाग मानिलें आणि अकरा इंचांस फुटाचे शंभरांतील अकरा भाग. खरा हिशेब असा: रुंदी १३० इंच, लांबी १७९ इंच, गुणाकार २३,२७०, एका चौरस फुटाचे १४४ चौरस इंच, म्हणून भागाकार १६१.६. एका खोलींत १९ चौरस फूट नाहींसे झाले होते! शेजारच्या खोलीचीहि तीच गत. स्वयंपाकघर मात्र ८ फूट ९ इंच आणि ९ फूट ६ इंच असल्यामुळें तेथें उलट दोन चौरस फुटांची वाढ झाली होती. कारण सहा इंच म्हणजे अर्धा फूट, पण यंत्रापुढें तो ०.६ झाला, आणि नऊ इंच म्हणजे पाऊण फूट, तो ०.९ झाला. एकूण ३८४.८ च्या जागीं तक्ता ३५०.३ दाखवीत होता. साडेचौतीस चौरस फूट! ज्यास अंधेरींतील घरांचे भाव ठाऊक आहेत त्यास याचा अर्थ सांगावयास नको.

पुतण्या खालीं मान घालून बसला. वास्तविक त्याचा एकहि गुणाकार चुकला नव्हता. यंत्र संख्या जाणतें. ती संख्या कशाची आहे हें तें जाणत नाहीं. भास्कराचार्यांनीं ११५० च्या सुमारास रचलेल्या ‘लीलावती’चा आरंभ बेरीज-वजाबाकीनें होत नाहीं. मंगलाचरणानंतर प्रथम येतात तीं परिमाणें: वीस वराटकांची एक काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म, चोवीस अंगुळांचा हस्त, चार हस्तांचा दंड. परिभाषा आधीं, गणित मागाहून. हा क्रम आम्हीं विद्यार्थ्यांस अनेकदां सांगितला. स्वतःच्या घराच्या वेळीं मात्र विसरलों. पास्कालच्या यंत्रांतहि तत्कालीन फ्रेंच नाण्यांच्या रीतीप्रमाणें कांहीं चाकें बारा व वीस भागांचीं होतीं. आपल्या खिशांतील यंत्रास केवळ दहा समजतात.

म्हणूनच आपल्या देशानें दहाची कांस धरिली. १ एप्रिल १९५७ पासून सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. १९५६ च्या कायद्याप्रमाणें १ ऑक्टोबर १९५८ पासून किलोग्रॅमचीं वजनें टप्प्याटप्प्यानें आलीं. ऐंशीं तोळ्यांचा शेर ९३३ ग्रॅमांचा ठरला आणि चाळीस शेरांचा मण सदतीस किलोंहून किंचित् अधिक. २००९ चा वैध मापनशास्त्र कायदा तर १ एप्रिल २०११ पासून सर्व देवघेव मेट्रिक मापांतच व्हावी असें सांगतो. कायदा बदलला, जीभ बदलली नाहीं. करारनामा चौरस मीटरांत, बोलणें चौरस फुटांत. सात-बारावर हेक्टर-आर, तोंडीं गुंठे. एका मापांतून दुसऱ्यांत जातांना जो पूल ओलांडावा लागतो, तेथेंच पाय घसरतो.

हा पूल थोरांसहि चकवितो. २३ जुलै १९८३ रोजीं कॅनडांत माँट्रियालहून ओटावामार्गें एडमंटनकडे निघालेल्या एअर कॅनडाच्या नव्या विमानाचे इंधनमापक बिघडले होते. टाक्यांत पट्टी बुडवून ७,६८२ लिटर इंधन असल्याचें मोजण्यांत आलें. प्रवासास २२,३०० किलो हवें होतें. लिटरांचे किलो करावयास ०.८ नें गुणावयाचें. परंतु कर्मचाऱ्यांनीं संवयीचा १.७७ हा आंकडा घेतला, आणि तो पौंडांचा होता! गुणाकार अचूक झाला, उत्तरास नांव मात्र चुकीचें पडलें. सुमारें वीस हजार लिटर भरावयाचे तेथें पांच हजारहि भरले नाहींत. एकेचाळीस हजार फुटांवर इंधन संपलें, इंजिनें बंद पडलीं. वैमानिकांच्या कौशल्यामुळें विमान तरंगत गिमली येथील जुन्या विमानतळावर उतरलें आणि सर्व ६९ जीव वांचले.

याच्या उलट, नको तेवढा नेमकेपणा हाहि एक भ्रमच आहे. आमच्या अंधेरी पश्चिमेस गिल्बर्ट हिल ही काळ्या पाषाणस्तंभांची उभी टेकडी आहे. तिची उंची सुमारें दोनशें फूट म्हणून सांगतात. नातवानें निबंधासाठीं यंत्रावर मीटर केले आणि ‘६०.९६ मीटर’ असें लिहिलें. आम्हीं त्यास विचारलें, “बाळ, मूळ माप ‘सुमारें’ असतां उत्तर सेंटिमीटरापर्यंत कोठून आलें?” त्यानें ‘सुमारें ६१ मीटर’ अशी दुरुस्ती केली. हा उपदेश करणारे आम्हीच पुढें १४२.५१ ला भुललों!

या प्रसंगानंतर आम्हीं घरांत चार नियम घातले आहेत, ते वाचकांच्या उपयोगीं पडतील. पहिला: यंत्रास हात लावण्यापूर्वीं मापें एका जातीचीं करावीं. इंचांस बारांनीं भागून मग तो अंश फुटांत मिळवावा. किंवा सरळ २.५४ नें गुणून सेंटिमीटर करावे. दुसरा: लांबीचा गुणक क्षेत्रास लावूं नये. एक मीटर म्हणजे ३.२८ फूट, पण एक चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट. तिसरा: अनेक खोल्यांचीं क्षेत्रें एका दमांत दाबीत जाऊं नये. दहा गुणिले बारा अधिक आठ गुणिले दहा याचें उत्तर दोनशें; साधें दुकानी यंत्र तें बाराशें ऐंशीं देतें, कारण तें येईल तसें गिळत जातें. प्रत्येक गुणाकारानंतर ‘एम’ अक्षर व अधिक चिन्ह असलेली कळ दाबून तो सांठवावा, आणि शेवटीं एकूण काढावी.

चौथा नियम मातोश्रींचा: उत्तर पाहण्याआधीं अंदाज बांधावा. येथें जुन्या पाढ्यांची गंमत पाहा. चौरस मीटरांचे चौरस फूट करण्यास मूळ संख्येची दहापट करावी आणि तींत तिची पाऊणपट मिळवावी. ३५.७५ ची दहापट ३५७॥, पाऊणपट सुमारें सत्तावीस. बेरीज ३८४ च्या वर. यंत्र ३८४.८ देतें. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी हे पाढे आण्यांबरोबर सरणावर गेले असें आम्ही समजत होतों. ते मेट्रिक मापांतहि पहारा करूं शकतात.

आतां कथेचा उरलेला भाग. सदोष तक्ता सोळाहि घरांचा होता. दुरुस्ती करितां कित्येकांचें क्षेत्र वाढलें, कांहींचें घटलें. तळमजल्यावर एक निवृत्त परिचारिका एकट्या राहतात. त्यांच्या दोन खोल्यांचीं सर्व मापें नेमकीं साडे-साडेचीं. पुतण्याच्या तक्त्यांत त्यांचें क्षेत्र २३५.३ होतें, तें २३१ वर आलें. सभेंत कोणीं तरी सुचविलें कीं, ज्यांचें वाढतें त्यांचें वाढवा, ज्यांचें घटतें त्यांचें तसेंच राहूं द्या. आम्हीं म्हटलें, माप एकच असावें. तेव्हां त्या बाई शांतपणें म्हणाल्या, “गुरुजी, तुमचें म्हणणें मला मान्य आहे. पण तुमचें घटलें होतें, म्हणून तुमच्याकडे चूक सांपडली. तुमचें वाढलें असतें, तर सतरंजीची आठवण झाली असती काय?”

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. खरें सांगावयाचें तर अद्यापहि सुचलेलें नाहीं. स्वयंपाकघराचे वाढलेले दोन फूट आमच्या घरांत कोणाच्याहि ध्यानांत आले नव्हते, हें तेवढें आम्हांस आठवलें आणि आम्हीं तें सभेस सांगितलें.

शेवटीं सर्वांच्या समक्ष सोळाहि घरें पुन्हां मोजावीं असें ठरलें. पण या वेळीं मीटर-सेंटिमीटरांच्या टेपानें. इंचच नाहींत, तर टिंबाचा घोटाळाहि नाहीं. टेपावर ४.५५ दिसले कीं यंत्रांत ४.५५ च दाबावयाचे. पुतण्यानें मोजलें, बाईंनीं वही धरिली आणि आम्हीं पाउणकीनें ताळा पाहिला. बाईंचें क्षेत्र २१.४६ चौरस मीटर भरलें. त्यांनीं स्वतः यंत्रावर दोनदां पाहिलें आणि सही केली.

घरीं आल्यावर मातोश्रींनीं आमची सतरंजी आतां किती मीटरांची झाली तें विचारलें. पुतण्या यंत्राकडे हात नेणार, तोंच थांबला आणि क्षणभर विचार करून म्हणाला, “साडेचारच्या वर, आणि सव्वातीनच्या वर.” मग त्यानें यंत्र घेतलें. ४.५७ आणि ३.३५.