निदानाचे मोल ओळखा

मालवणच्या किनाऱ्यावर पर्यटनाचा धंदा वाढला, तसा खाणावळी आणि निवास-न्याहारीच्या घरांतून यंत्रांचा पसाराही वाढला. आधी फ्रीज आला, मग गिझर आला आणि आता भांडी धुण्याची मशीन, म्हणजे डिशवॉशर, येऊ लागली आहे. हंगामात भांडी घासायला माणूस मिळत नाही आणि मिळालाच तर टिकत नाही. म्हणून मालक मंडळी कर्ज काढूनही ही मशीन घेतात. तसे हे यंत्र नवे नाही. अमेरिकेतील जोसेफिन कॉक्रेन या बाईंनी १८८६ साली त्याचे पेटंट घेतले, आणि त्यांची पहिली गिऱ्हाइके घरे नव्हती, हॉटेले होती. म्हणजे हे यंत्र आधी आपल्यासारख्या धंदेवाल्यांनीच उचलले.

मशीन घेणे सोपे. ती बिघडली म्हणजे काय करावे, हा खरा प्रश्न आहे. व्यापारीबंधूंनी आणि कारागीरबंधूंनी तो एकत्र बसून सोडवावा, असे आम्हाला वाटते. त्यासाठी आमचाच अनुभव सांगतो.

पावसाळ्यात किल्ल्याची होडी बंद होते, पर्यटक थांबतात आणि आमची खाणावळही जवळजवळ बंद असते. मशीन तीन महिने तशीच पडून होती. दिवाळीच्या तोंडावर सुरू केली तर पाणी तळाशीच तुंबून राहिले. कंपनीच्या सेवा केंद्राला फोन केला. आलेल्या गृहस्थांनी मशीन उघडलीदेखील नाही. "बोर्ड गेला आहे, खर्च मोठा आहे, त्यापेक्षा नवी घ्या," असा सल्ला देऊन ते गेले. हंगाम तर दारात आलेला. शेवटी शेजारच्या वाडीतल्या वॉशिंग मशीन दुरुस्त करणाऱ्या तरुणाला बोलावले. तो दारातच म्हणाला, "चाचा, उघडून बघायचे तीनशे रुपये घेईन. मग दुरुस्ती करा, नाहीतर करू नका."

खरे सांगायचे तर आमच्या कपाळाला आठी पडली. नुसते बघायचे कसले पैसे? पण गरज आमची होती. त्याने आधी प्लग काढला, तळाचे पाणी उपसले, जाळी काढली आणि पाणी बाहेर टाकणारा पंप उघडला. पंपाच्या पंख्यात कुर्लीच्या डेंग्याचे कवच अडकले होते. मे महिन्याच्या गर्दीत कधीतरी ते आत गेले असावे. शिवाय मशीन भिंतीला टेकवल्यामुळे मागचा पाइप दुमडला होता. अर्ध्या तासात मशीन चालू झाली. बोर्ड शाबूत होता.

यातून आम्ही काही गोष्टी शिकलो. डिशवॉशरचे बरेचसे दुखणे मशीनचे नसतेच, पाण्याचे, घाणीचे किंवा विजेचे असते. पाणी आत येत नसेल, तर नळाजवळची बारीक जाळी आधी पाहावी. आपल्याकडे जांभ्या दगडाचा तांबडा गाळ पहिल्या पावसात टाकीत उतरतो आणि ही जाळी बुजवतो. टाकीची उंचीही पाहावी. बऱ्याच मशीनना किमान ०.३ ते ०.५ बार दाब लागतो. एक मीटर उंचीमागे साधारण ०.१ बार दाब मिळतो, म्हणजे टाकीतले पाणी मशीनपेक्षा तीन ते पाच मीटर वर हवे. ते नसेल तर नवी मशीन आणूनही तेच रडगाणे.

भांडी तेलकट राहत असतील, तर पाणी फवारणारे दांडे काढून त्यांची भोके काडीने साफ करावीत. खोबऱ्याच्या वाटणाचा चोथा आणि भाताची शिते तिथेच अडकतात. पाणी तापत नसेल, तर हीटरला दोष देण्याआधी व्होल्टेज मोजावे. २३० व्होल्टवर २००० वॅट देणारा हीटर १८० व्होल्टवर जेमतेम १२२५ वॅट देतो. मग तो तापणार कसा? फेस बाहेर येत असेल, तर कोणीतरी हाताने भांडी घासायचा साबण आत टाकला आहे, हे समजावे. आणि मशीन मध्येच बंद पडत असेल, तर बोर्डात मुंग्या किंवा पाल शिरली आहे का, खाऱ्या हवेने जोड गंजले आहेत का, ते जाणकाराकडून पाहून घ्यावे. विजेच्या भागाला मालकाने हात लावू नये. पावसाळ्याआधी मशीन बंद करताना तळाचे पाणी पूर्ण काढून, जाळी धुऊन, दार किंचित उघडे ठेवावे.

आता मुख्य मुद्दा. आपण सुट्या भागाचे पैसे देतो, हातोडीच्या घावाचे देतो, पण डोक्याचे देत नाही. बघायचे पैसे मागणारा मिस्त्री आपल्याला लोभी वाटतो आणि "बघायचे फुकट" म्हणणारा भला वाटतो. पण फुकट बघणाऱ्यालाही घर चालवायचे असते. तो कुठून तरी पैसे काढणारच. मग नसलेला दोष दिसू लागतो आणि चांगला पंप बदलला जातो. खोट्या दुरुस्तीची सवय कारागिराला आपणच लावतो आणि वर बेइमानीची तक्रार करतो. म्हणून आमचे म्हणणे असे, की पाहणीचे पैसे वेगळे ठरवावेत आणि आनंदाने द्यावेत. पैसे घेणाऱ्या कारागिरानेही तीन गोष्टी पाळाव्यात. दोष काय आहे, ते भाग बदलण्याआधी साध्या शब्दांत सांगावे. खर्च कागदावर लिहून द्यावा. आणि काढलेला जुना भाग मालकाच्या हातात ठेवावा.

निदान झाले, की निर्णय हिशेबाने घ्यावा, रागाने नव्हे. "खर्च नव्या किमतीच्या निम्म्याहून कमी असेल तर दुरुस्त करा," असे लोक म्हणतात. हा नियम अपुरा आहे. समजा, नवी मशीन ४० हजारांची आहे आणि दहा वर्षे चालते, म्हणजे वर्षाला चार हजार पडले. आपली मशीन सात वर्षांची आहे, तीन वर्षे उरली आहेत. दुरुस्ती सहा हजारांची असेल तर वर्षाला दोन हजार पडले, म्हणून जरूर करावी. पण ती १८ हजारांची असेल तर वर्षाला सहा हजार पडले. निम्म्याच्या नियमाने ती परवडते, हिशेबाने परवडत नाही. त्यात भाग येईपर्यंत लावलेल्या माणसाची मजुरीही धरावी. घरगुती मशीन खाणावळीत दिवसाला पाच-सहा वेळा चालवली, तर ती दहा वर्षे टिकणार नाही आणि अशा वापराला वॉरंटीही बहुधा लागू होत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

कायद्याची बाजूही थोडी माहीत असावी. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल २४ डिसेंबर २०२२ रोजी सुरू केले. कंपन्यांनी दुरुस्तीची व सुट्या भागांची माहिती लोकांना द्यावी, हा त्याचा हेतू आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू बसत नाही, पण केवळ स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून वस्तू वापरणारा त्यातून वगळलेला नाही. घरची माणसे राबवून खाणावळ चालवणाऱ्याने हे विसरू नये. पावती आणि लेखी निदान जपून ठेवावे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

शेवटी कारागीरबंधूंना एक विनंती. या किनाऱ्यावर मशीन वाढणार आहेत, आणि प्रत्येक वेळी गोव्याहून किंवा कोल्हापुरातून माणूस येईपर्यंत हंगाम थांबणार नाही. जो वॉशिंग मशीन जाणतो, त्याला डिशवॉशर परका नाही. पंप, व्हॉल्व्ह, हीटर, बोर्ड सारे ओळखीचेच आहे. आपल्या मुलांना मीटर लावून दोष शोधायला शिकवा. आणि व्यापारीबंधूंनो, तो मुलगा उद्या दारात उभा राहून बघायचे पैसे मागेल, तेव्हा आमच्यासारखी आठी घालू नका. त्या तीनशे रुपयांनी आमचे चाळीस हजार वाचले आणि दिवाळीचा हंगामही पदरात पडला.